नाचणाऱ्या मुलांवर कादंबरी लिहितेय, हसवणं जमतंय पण मनाला लागायची वेळ आली की भाषण होतंय

सोळामात्रा:

नमस्कार मंडळी, लिहिणाऱ्यांचा आणि नाचणाऱ्यांचा, दोघांचाही सल्ला हवाय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेलं दीड वर्ष एक किशोर कादंबरी लिहितेय, साधारण ९ ते १२ वयाच्या वाचकांसाठी. कथकच्या क्लासमधली सहा मुलं, पाच मुली आणि एक मुलगा, आणि त्यांचा पहिला स्टेजवरचा कार्यक्रम, एवढीच गोष्ट आहे. ३५ हजार शब्द झालेत, १४ प्रकरणं. मी स्वतः ८ वर्षं शिकले, मग सुटलं, पण ठेका काही डोक्यातून गेला नाही, अजून जिना उतरताना पायऱ्या सोळात मोजल्या जातात. त्यामुळे हे पुस्तक मला अगदी मनापासून पूर्ण करायचंय.

विनोदी प्रसंग छान होतायत असं वाटतंय. उदाहरणार्थ चौथ्या प्रकरणात पियू नावाच्या सगळ्यात छोट्या मुलीच्या घुंगराची गाठ भर तत्कारात (पायांचा ठेका चालू असताना) सुटते. शिकवणाऱ्या ताईंनी सांगून ठेवलेलं असतं की काहीही झालं तरी ठेका सोडायचा नाही, म्हणून ती थांबत नाही, घुंगराची लड तिच्या पायामागून सापासारखी सरपटत राहते आणि बाकीचे पाच जण नाच न थांबवता, चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून, त्या लडीवरून उड्या मारत राहतात. शेवटी एक घुंगरू तुटून गडगडत जाऊन ताईंच्या तबल्याला टेकतं. माझी भाची ११ वर्षांची आहे, तिला वाचून दाखवलं तर ती इतकी हसली की मला परत पहिल्यापासून वाचावं लागलं.

आणि मग आलं नववं प्रकरण. ईरा आणि मुक्ता, आता ११ वर्षांच्या, ७ वर्षांच्या असल्यापासून जोडीने नाचतायत, ईरा कायम थोडी पुढे, चक्कर (गोल गिरक्या) तिचे सगळ्यात स्वच्छ. कार्यक्रमात एकच सोलो तुकडा आहे आणि तो ताई मुक्ताला देतात. ईरा रडते. मग ताई तिला जवळ बसवून सांगतात की प्रत्येकाची वेळ येते, पुढे उभं राहणं म्हणजेच नाच नाही वगैरे, दीड पान. लिहिताना मला स्वतःला भरून आलं होतं हो. पण भाचीने तिथे पान उलटलं. मी विचारलं अगं का, तर म्हणाली "ताई काय बोलणार ते माहितीच होतं ना."

ते ऐकल्यापासून अडलेय. हे प्रकरण म्हणजे पुस्तकाचा जीव आहे आणि तेच मुलं उडी मारून पुढे जाणार असतील तर काय उपयोग. तर मला विचारायचंय ते असं, की हसणं आणि लागणं हे एकत्र कसं आणायचं, दोन वेगवेगळी पुस्तकं एकाआड एक लावल्यासारखी वाटतायत. दुसरं म्हणजे नाचाचे शब्द किती ठेवायचे, सम, खाली, तिहाई हे ज्याला काहीच माहीत नाही त्याने वाचलं तर? आणि सोलोचं शेवटी काय करू, ईराला परत मिळावा असं भाचीला वाटतंय, मला ते पटत नाहीये पण पटत का नाही ते सांगता येत नाहीये.

---

तत्कार_रोज:

मी २० वर्षांहून जास्त काळ लहान मुलांना शिकवतेय, कादंबरी कशी लिहितात त्यातलं मला कळत नाही, पण ईराबद्दल एक विचारू का? तुमच्या कथेत ती ११ वर्षांची आहे, चक्कर सगळ्यात स्वच्छ, आणि तरी ताई सोलो मुक्ताला देतात. का देतात? तुम्ही कारण लिहिलेलं नाही. माझ्या क्लासमध्ये असं होतं तेव्हा दहातल्या सात वेळा कारण एकच असतं, मुलीची उंची वाढलेली असते.

हे बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. मुलींची उंची साधारण १० ते १३ च्या दरम्यान एकदम झपाट्याने वाढते, मुलग्यांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. आधी पावलं आणि हात वाढतात, मग पाय, धड सगळ्यात शेवटी. हाडं पुढे पळतात आणि स्नायू मागून येतात, त्यामुळे अंग आखडतं, गुडघ्याखाली नाहीतर टाचेत दुखतं, आणि मुख्य म्हणजे तोल जातो. काल ज्या अंदाजाने हात टाकला तो अंदाज आज चुकतो कारण हातच लांब झालाय! मूल तेच, रियाज तेवढाच, आणि नाच बिघडलेला. ते बिचारं समजतं की आपलंच काहीतरी चुकतंय.

माझ्याकडे एक मुलगी होती, सलग १६ चक्कर मारून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, खिळा ठोकल्यासारखी उभी राहायची. सुट्टीनंतर आली ती सलवार घोट्याच्या वर गेलेली, आणि सहाव्या चक्करला बाजूला फेकली गेली. पुढच्या वेळी परत तेच. मग ती रोज पाच मिनिटं उशिरा यायला लागली. मी दोनदा रागावले, तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, नंतर कळलं की उशिरा आलं की पुढच्या ओळीत जागा नसते आणि आपोआप मागे उभं राहता येतं, त्यासाठी ती उशिरा येत होती. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

तर तुमची ईरा अशी करा ना. आणि बघा यात हसणं पण आहेच, कारण हात कुठे संपतो हे माहीत नसलेलं मूल क्लासभर आपटत असतं. हस्तक (हातांच्या हालचाली) घेताना शेजारणीच्या नाकावर हात, वळताना ओढणी दुसरीच्या घुंगरात, आरशाला कोपर. मुलं हसतात, ती स्वतःही हसते पहिल्यांदा. पाचव्यांदा हसत नाही. एकच गोष्ट, पहिल्यांदा हसू आणणारी आणि पाचव्यांदा रडू.

चक्करबद्दल अजून थोडं, कारण तुम्हाला वापरता येईल. आपल्या कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यात द्रव असतो, आपण गोल फिरलो की तो पण फिरायला लागतो आणि आपण थांबलो तरी तो लगेच थांबत नाही, म्हणून खोली फिरल्यासारखी वाटते. म्हणून आम्ही शिकवतो की समोर एक खूण पकडायची, अंग वळलं तरी डोळे तिथेच, अगदी शेवटी मान झटकन वळवून परत तीच खूण. बॅलेवाले पण हेच करतात. आता ईराची खूण कोण आहे? मला वाटतं मुक्ता समोर उभी राहायची तीच तिची खूण असेल. मुक्ता सोलो करायला गेली की समोर कोणीच नाही.

शब्दांचं म्हणाल तर घाबरू नका. समजावून सांगू नका फक्त, करायला लावा. तीनतालात १६ मात्रा, टाळी १, ५ आणि १३ वर, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे तिथे टाळी नसते, हात नुसता उघडतो. नवी मुलं नेमकी तिथेच जोरात टाळी देतात आणि सगळ्या खोलीत ती एकटीच टाळी वाजते. ज्या मुलाने आयुष्यात कधी कथक बघितलं नाही त्यालासुद्धा ती एकटी टाळी वाजल्यावर कान कसे गरम होतात ते बरोबर कळतं.

---

खिडकीतला_वाचक:

मी बाप म्हणून लिहितोय. माझी मुलगी १० वर्षांची आहे, नाचाशी तिचा काडीचा संबंध नाही, पण वाचते भरपूर. तिला कुठलंही पुस्तक द्या, रात्री ती एकच गोष्ट विचारते, "त्या दोघींचं भांडण मिटलं का?" कार्यक्रम झाला का, बक्षीस कोणाला मिळालं, हे ती विचारतच नाही. त्यामुळे मला वाटतं तुम्ही सोलोचं टेन्शन घेऊ नका, मुक्ताचं घ्या. तुमच्या पोस्टमध्ये ईरा रडते, ताई बोलतात, पण मुक्ता त्या वेळी कुठे आहे? तिला सोलो मिळालाय आणि तिची जिवाभावाची मैत्रीण रडतेय, ती काय करतेय?

अजून एक, सहाही मुलांना नाच आवडलाच पाहिजे असं ठेवू नका. नोएल स्ट्रेटफील्डचं 'बॅले शूज' १९३६ मध्ये आलं, तीन दत्तक बहिणींची गोष्ट, त्यातली धाकटी पोझी जन्मजात नर्तिका, पण मधली पेट्रोव्हा घरच्या गरजेपायी स्टेजवर काम करते आणि तिचा सगळा जीव मोटारी आणि विमानांत. मी मोठेपणी वाचलं आणि मला तीच सगळ्यात आवडली, कारण ज्या गोष्टीत मन नाही ती गोष्ट पण ती नीट करते, कुरकुर न करता. क्लासला आईबाबांनी पाठवलं म्हणून येणारं एक तरी मूल प्रत्येक बॅचला असतंच ना? त्याला पण पुस्तकात जागा हवी.

---

कच्चामसुदा:

मुलांच्या पुस्तकांचं संपादन करते, बरीच वर्षं. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं कारण हा अडथळा जवळजवळ प्रत्येक चांगल्या हस्तलिखितात येतो, आणि येतो तो बरोब्बर त्याच जागी, शेवटून पाचव्या-सहाव्या प्रकरणात, एक मोठं माणूस खाली बसतं, मुलाच्या खांद्यावर हात ठेवतं आणि बोलायला लागतं.

भाचीने पान उलटलं कारण त्या दीड पानात कोणालाच काही करायचं नाहीये. चौथ्या प्रकरणात बघा, लड सरपटतेय, मुलं उड्या मारतायत, हसू चेहऱ्यावर टिकवतायत, घुंगरू गडगडतंय, प्रत्येक जण कामात आहे. नवव्यात ईरा बसलीय आणि ताई बोलतायत. तुमचा विनोद शरीरातून येतोय आणि दुःख तोंडातून, म्हणून ती दोन वेगळी पुस्तकं वाटतात. दुःख पण शरीरात आणा. ताईंच्या हाताला काम द्या, ईराच्या हाताला द्या, आणि जे बोलायचंय त्यातलं नव्वद टक्के काढून टाका. उरलेलं दहा टक्के सुद्धा दुसऱ्याच कशाबद्दल असल्यासारखं बोलू दे.

तत्कार_रोज यांचा नाकावरचा हात मला फार म्हणजे फार आवडला. तिथे एक सांभाळा. मुलांच्या पुस्तकात हसणं दोन तऱ्हेचं असतं, एक मुलाबरोबर हसायचं आणि एक मुलाला हसायचं. पियूची लड सुटली तेव्हा सगळे एकाच संकटात होते, म्हणून ते छान झालं. ईराचा हात चुकतो तेव्हा ती एकटी आहे आणि बाकीचे बघतायत, इथे वाचकाला तुम्ही तिच्या बाजूला बसवलं पाहिजे, बघणाऱ्यांच्या नाही. म्हणजे प्रसंग तिच्या डोळ्यांनी लिहा. तिला वाटलं हात छातीपाशी थांबला, मग 'आई गं' असं ओरडलं कोण, हे तिला वळून बघावं लागतं. वाचक हसतो पण तो आतून हसतो.

एका बाबतीत माझं थोडं वेगळं मत आहे. उंचीचं कारण वाचकाला कळू दे, ईराला कळू देऊ नका, निदान शेवटपर्यंत तरी. सलवार आखूड झालीय, बाकावर गुडघे आपटतायत, फोटोत ती मागच्या ओळीत गेलीय, हे आपण दाखवायचं आणि तिला वाटत राहू दे की तिचा नाच संपला. वाचकाला जे कळलंय ते नायिकेला कळलेलं नाही, यात जी घालमेल होते ती कुठल्याही भाषणाने होत नाही. शास्त्र समजावणारं पात्र मात्र आणू नका प्लीज.

शब्दांसाठी मागे शब्दार्थांची यादी लावू नका, मुलं ती बघत नाहीत. बोल मात्र भरपूर ठेवा. मुलांना अर्थ नसलेले, तोंडात नाचणारे शब्द मनापासून आवडतात, 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' हे एकदा वाचलं की ती घरभर म्हणत फिरतील. भांडणसुद्धा पढंतमध्ये होऊ दे, दोघी टाळी देत बोल म्हणतायत आणि लय वाढवत वाढवत एकमेकींना हरवायला बघतायत, एक शब्दसुद्धा भांडणाचा नाही.

आणि सोलो परत देऊ नका. तुम्हाला जे पटत नाही ते बरोबर पटत नाहीये. सोलो परत मिळाला तर मुक्ताला तो मिळाला होता हे खोटं ठरतं, आणि मुक्ताने काय वाईट केलंय?

---

तत्कार_रोज:

कच्चामसुदा, तुमचं बहुतेक सगळं पटलं, पण ईराला कळू द्यायचं नाही हे मला अजिबात पटलेलं नाही आणि यावर मी जरा हट्टाने बोलणार आहे.

तुम्ही वाचकाला कळेल म्हणताय. कुठल्या वाचकाला? मला कळेल, तुम्हाला कळेल. ११ वर्षांची जी मुलगी हे पुस्तक वाचतेय आणि तिचा स्वतःचा तोल गेले सहा महिने जात असेल, तिला सलवार आखूड झाली म्हणजे काय झालं ते कळणार नाही, कारण तिला स्वतःची सलवार आखूड झालेली दिसतेय आणि तरीही ती दोन गोष्टी जोडत नाहीये. मी जी उशिरा येणारी मुलगी सांगितली ती पुढच्या वर्षी क्लास सोडून गेली. तिला कोणीतरी वेळेवर एक वाक्य सांगितलं असतं ना, की बाई गं हे तात्पुरतं आहे, अंग वाढतंय, थांब जरा, तर ती गेली नसती असं मला आजही वाटतं. ते सांगायला मीच हवी होते. त्यामुळे ते वाक्य या पुस्तकात असायलाच हवं. भाषण नको, कबूल. पण वाक्य हवं.

आणि त्यात कमीपणा नाही हे पण दिसू दे. बॅलेमध्ये बघा, पॉइंट शूज घालून बोटांवर उभं राहायला साधारण ११-१२ वर्षांच्या आधी देत नाहीत, आणि नुसतं वय नाही बघत, काही वर्षांचं शिक्षण झालंय का, घोटे-पावलं तयार आहेत का ते बघतात. एकाच वर्गातल्या दोन मैत्रिणींपैकी एकीला हो म्हणतात आणि एकीला थांब. म्हणजे शरीरासाठी थांबणं हा नाच शिकण्याचाच भाग आहे, सगळीकडे.

---

कच्चामसुदा:

मान्य. तुमची ती मुलगी डोळ्यांसमोर आली आणि माझं मत बदललं. एक वाक्य. पण कोण म्हणणार आणि म्हणताना काय करत असणार, तेवढं सोळामात्रा यांनी शोधावं.

---

डावाउजवा:

तुमच्या कथेतला तो एकुलता एक मुलगा आहे ना, त्याच्याबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहितो. मी तोच होतो, ९ व्या वर्षापासून १५ पर्यंत, बॅचमध्ये एकटा.

पहिली विनंती, त्याला विनोदासाठी ठेवू नका. मुलगा असून नाचतो यावर शाळेतली मुलं हसतात, हा प्रसंग प्रत्येक गोष्टीत असतोच, आणि माझ्या बाबतीत खरं सांगायचं तर तो त्रास होता पण रोजचा नव्हता. रोजचं वेगळंच होतं. मुलींना ग्रीनरूम असायची, मी कपडे बदलायचो विंगेत पडद्याआड, आणि एकदा पडदा उघडायला आणि मला एकच बाही घातलेली असायला एकच गाठ पडली. मी तसाच हस्तक घेऊन उभा राहिलो, बाही पुढच्या चार आवर्तनांत, तालाच्या चार फेऱ्यांत, घातली, लोकांना वाटलं असंच बसवलंय. हे घ्या तुम्हाला, वापरा.

दुसरं उंचीचं. १२ व्या वर्षी बॅचमधल्या सगळ्या मुली माझ्यापेक्षा उंच झाल्या. वर तत्कार_रोज यांनी लिहिलंय तसं मुलग्यांचं दोन वर्षांनी होतं, पण तेव्हा मला कोणी हे सांगितलं नव्हतं. जोडीच्या नाचात माझी पार्टनर माझ्या डोक्यावरून बघायची. म्हणजे ईरा वाढली म्हणून हरवलेली आणि तो वाढत नाही म्हणून हरवलेला, दोघं मागच्या ओळीत शेजारी शेजारी उभे राहतील बघा. ती मैत्री कोणी लिहिली असती तर मी त्या वयात ते पुस्तक उशाशी घेऊन झोपलो असतो.

आणि आरसा विसरू नका! क्लासमध्ये वर्षभर आपण आरशासमोर नाचतो, डोळ्यांना त्याची इतकी सवय होते की स्टेजवर समोर नुसता काळोख आला की डावं-उजवं गायब होतं. वर लाकडी फ्लोअरवर घुंगरांचा आवाज क्लासच्या फरशीपेक्षा दुप्पट वाटतो, स्वतःच्याच पायांना दचकायला होतं. माझ्या नावातलं डावाउजवा तिथूनच आलंय.

---

सोळामात्रा:

तुम्हा सगळ्यांना काय आणि कसं थँक्यू म्हणू कळत नाहीये. आठ दिवस इथे आले नाही कारण लिहीत होते. नववं प्रकरण पूर्ण फाडलं. आता कसं झालंय ते थोडक्यात सांगते.

तिहाईचा सराव चाललाय. तोच तुकडा तीनदा आणि तिसऱ्याचा शेवट बरोबर समेवर. पहिल्या वेळी ईराचा हात मुक्ताच्या नाकाला नुसता घासून जातो, दोघी हसतात. दुसऱ्या वेळी बसतो, सगळा क्लास हसतो. तिसऱ्या वेळी समेवर, सगळे घुंगरू एकदम थांबून खोली शांत होते तेव्हा, जोरात लागतो, आणि त्या शांततेत एक 'फट्' ऐकू येतं. (विनोद पण तिहाईचाच झाला, हे लिहिताना आपोआप झालं आणि मला फार आनंद झाला.) मुक्ताच्या नाकातून रक्त. ताई थंड पाण्याचा रुमाल आणायला धावतात. कोणी हसत नाही. ईरा भिंतीपाशी जाऊन घुंगरू सोडायला बसते, आता मी येणारच नाही असं ठरवून, पण घामाने गाठ भिजून इतकी घट्ट बसलीय की नखं घालूनही सुटत नाही. जायचंय पण जाता येत नाही.

मग मुक्ता येते, नाकाला रुमाल लावलेला, समोर बसते आणि न बोलता ईराचा पाय मांडीवर घेते. केसातली पिन काढून गाठ उकरायला लागते. बोलते ती नाकातल्या आवाजात, "अगं, तुझे वेढे कमी झाले." पूर्वी दोघींच्या पायाला त्याच मापाच्या दोरीचे सहा वेढे बसायचे, गेल्या वर्षी मोजलेले असतात त्यांनी. आता मुक्ताच्या पायाला सहा आणि ईराच्या पायाला पाच आणि वर लोंबणारं टोक. ईरा पायाकडे बघते. पावलाला पाऊल लावून बघतात, ईराचं पाऊल बोटभर पुढे गेलेलं. ताई तेवढ्यात मागे येऊन उभ्या असतात, त्या मुक्ताच्या नाकावरचा रुमाल बदलता बदलता म्हणतात, "हाडं पुढे गेलीत, बाकीचं मागून येतंय. तोवर आठच चक्कर." एवढंच. मग तबल्याकडे जातात.

खिडकीतला_वाचक, तुम्ही विचारलं होतं मुक्ता कुठे आहे. दीड वर्ष लिहून मला ते सुचलं नव्हतं, आता अख्खं प्रकरण तिच्या हातात आहे. आणि डावाउजवा, तुमची बाही घेतलीय, आणि मागच्या ओळीतले ते दोघं पण. अकराव्या प्रकरणात ते स्टेजवर काळोखात डावं-उजवं हरवतात आणि एकमेकांच्या घुंगरांच्या आवाजावरून जागा शोधतात.

सोलो मुक्ताचाच राहिला. ती चक्कर मारते तेव्हा विंगेत तिच्या बरोब्बर समोर ईरा उभी असते, हलत नाही, पापणीसुद्धा लववत नाही, कारण तिला माहितीय खूण हलली तर काय होतं.

भाचीला काल नवं नववं प्रकरण वाचून दाखवलं. तिसऱ्या 'फट्'ला ती हसली आणि मग एकदम गप्प झाली, पान उलटलं नाही. संपल्यावर मी विचारलं कसं वाटलं, तर काही बोलली नाही, आत गेली. मला वाटलं नाही आवडलं. पाच मिनिटांनी स्वतःचे घुंगरू पायाला बांधून आली, समोर बसली आणि खाली वाकून बोटाने मोजायला लागली. दोनदा मोजलं. म्हणाली, "मावशी, पाच आणि थोडंसं."